आधी ताई हसते

बोलणाऱ्याचा आवाज पकडायला फारशी अक्कल लागत नाही. तो आपणहून माइकपुढे तोंड घेऊन येतो. खरी कसोटी लागते ती समोर बसलेल्या चारशे माणसांना पकडताना. आपण पकडले जातोय हे कळलं की माणसं लगेच शहाण्यासारखी वागायला लागतात. एखाद्याच्या नाकासमोर माइक धरून "हसा" म्हणून बघा. हसेल तो, पण फोटोत हसतात तसं, नुसते दात दाखवून. म्हणून प्रेक्षकांचे माइक असे लपवायचे की ते कुणाला दिसू नयेत, असे वळवायचे की स्पीकरचा आवाज त्यांत घुसू नये, आणि असे निवडायचे की एकेकटा माणूस ऐकू न येता सगळे मिळून ऐकू यावेत. हे तिन्ही एकदम साधणं म्हणजे सासू, सून आणि नणंद यांना एका स्वयंपाकघरात सुखाने नांदवणं. ताई हे गेली वीसेक वर्षं जमवत आली होती.

ताई म्हणजे छोटूची ताई. छोटूची चाळिशी उलटली होती, डोक्यावरचं छप्पर विरळ झालं होतं, पण घरात तो छोटूच. बाहेर मात्र त्याच्या नावाची पाटी लागायची. तो स्टेजवर एकटा उभा राहून दोन तास बोलायचा आणि लोक पोट धरधरून हसायचे. बोलायचा कशाबद्दल? ताईबद्दल. "आमची ताई" एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले की हॉल सरसावून बसायचा. आमची ताई दाराला कुलूप लावते, मग ते ओढून बघते, आणि मग जोरात ओढलं म्हणून कुलपाची माफी मागते. आमची ताई झोपेत "चेक, चेक" म्हणते. लग्नासाठी भेटायला आलेल्या माणसाला आमच्या ताईने आधी विचारलं, या पंख्याची घरघर तुम्हाला कुठल्या सुरात वाटते. तो बिचारा अजून उत्तर शोधतोय. सगळं खरं, वर थोडं तिखटमीठ. घरची गोष्ट चार भिंतींत राहावी म्हणतात. ताईच्या घराला भिंती तीनच होत्या, चौथ्या बाजूला प्रेक्षक बसायचे.

आणि हे सगळं चालू असताना ताई तिथेच असायची. हॉलच्या मधोमध काही खुर्च्या काढून एक चौकट केली होती. कमरेइतका लाकडी कठडा, आत आवाजाचा मिक्सर, एक छोटा दिवा आणि एक माणूस जेमतेम मावेल एवढी जागा. हॉलचे लोक त्याला गोठा म्हणत. प्रयोगाआधी दारवान खुशाल ओरडायचा, "ताई गोठ्यात गेल्या, घंटा द्या!" एकदा आत शिरलं की दोन्ही बाजूंच्या खुर्च्या भरायच्या, पायाशी केबलचा गुंता, आणि मध्यंतरापर्यंत हलायची सोय नाही. स्वतःवरचे किस्से ताई त्या गोठ्यात बसून ऐकायची. नुसती ऐकत नव्हती, सगळ्यांच्या आधी हसायची.

ते तिचं कामच होतं, जरी त्याला कुणी काम म्हणत नव्हतं. रस्ता ओलांडायला घोळका उभा असला की पहिलं पाऊल कुणीतरी टाकावं लागतं, मग बाकीचे निघतात. हसण्याचंही तसंच आहे. हे ताईला कळलं तेव्हा छोटू सात वर्षांचा होता. शाळेच्या कार्यक्रमात तो गोष्ट सांगायला उभा राहिला आणि पहिल्याच वाक्याला त्याची जीभ टाळ्याला चिकटली. खालचा ओठ थरथरायला लागला. मागच्या बाकावरून ताईला ते दिसलं आणि ती खो खो हसली, जणू छोटूचं ते थांबणं म्हणजे मुद्दाम केलेला विनोदच. सगळी शाळा हसली. छोटूला वाटलं, आपण काहीतरी भारी केलंय. त्याची जीभ सुटली ती आजतागायत सुटलेलीच आहे.

तेव्हापासून हा त्यांचा ठराव होता, न बोलता झालेला. विनोदाचं शेवटचं वाक्य टाकून छोटू अर्धा श्वास थांबायचा आणि गोठ्याकडे बघायचा. आधी ताई हसायची, मग हॉल.

यंदा छोटूच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग करायचं ठरलं. एका कंपनीने ते घराघरांत पोचवायचं कबूल केलं होतं. अट एकच, हॉलमधलं हसू अंगावर आलं पाहिजे. आधी पाठवलेला नमुना त्यांनी नाक मुरडून परत केला होता. त्या वेळी ताईने दोन माइक छतातून टांगले होते. त्यांत हॉल ऐकू येत होता, माणसं ऐकू येत नव्हती.

"शेजारच्या घरात लग्न असल्यासारखं वाटतं, ताई," छोटू म्हणाला. "सगळे मजेत आहेत, पण आपल्याला आमंत्रण नाही."

त्याचं खोटं नव्हतं. ताईने पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली. स्टेजच्या दोन्ही कडांना लांब नळीचे दोन माइक, तोंड प्रेक्षकांकडे. हे टॉर्चसारखे असतात, रोखाल तेवढंच ऐकतात. पहिल्या रांगेवर रोखले तर सबंध प्रयोगभर एकच काका खोकत राहतात, म्हणून त्यांचा नेम पुढच्यांच्या डोक्यावरून मधल्या रांगांवर. बाल्कनीच्या कडेला दोन माइक पाठीने बहिरे. ही जात समोरचं सगळं ऐकते आणि मागचं ऐकून न ऐकल्यासारखं करते. एकत्र कुटुंबात राहायला याच्याइतका गुणी प्राणी दुसरा नाही. त्यांची पाठ ताईने स्पीकरकडे केली. छतातले दोन तसेच राहू दिले, हॉलची हवा यावी म्हणून.

छोटूचं एवढ्यावर भागेना. "मला एकेकटं हसू पाहिजे. कुणीतरी डोळे पुसत हसतंय, असं ऐकू आलं पाहिजे."

"त्याला खुर्च्यांमध्ये माइक लावावा लागेल. आणि तो मी लावत नसते."

"का?"

"जवळचा माइक हसू पकडतो तसं बोलणंही पकडतो. गॅस बंद केला का, धाकटीचं जमलं का, सगळं येतं त्यात. ते आपण ऐकायचं नसतं. प्रेक्षक म्हणजे एक आवाज, छोटू. त्याची माणसं केलीस की पंचाईत."

आता चष्मेवाल्यांबद्दल सांगायला हवं. हॉलच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पन्नाशी ओलांडलेले, हळू बोलणारे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेले गृहस्थ. ताईने त्यांच्याकडे चष्मा केला, आणि पहिल्यांदा त्याच्या काडीचा स्क्रू खरोखरच सैल झाला. त्यांनी तो घट्ट केला, काचा पुसल्या, दोन्ही हातांनी चष्मा तिच्या कानांवर बसवला आणि मागे होऊन विचारलं, "आता बोचत नाही ना?" ताईला काय बोचतंय याची चौकशी गेल्या कित्येक वर्षांत कुणी केली नव्हती.

पुढच्या आठवड्यात स्क्रू पुन्हा सैल झाला. त्याच्या पुढच्याही. माइकच्या पेटीत एक बारीक स्क्रूड्रायव्हर होता, त्याचा यात हात होता. ताई दुकानात जायची, ते स्क्रू आवळायचे, काचा पुसायचे, चष्मा बसवायचे आणि तेच विचारायचे. पाच मिनिटांचं काम. कधी चहा आला तर थोडं लांबायचं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसाने असले चाळे करावेत का, हा प्रश्न ताईने स्वतःला विचारून बघितला होता, आणि उत्तर यायच्या आत ती चपला घालून निघाली होती.

एका सकाळी आईने तिला खिडकीपाशी स्क्रू सैल करताना पाहिलं. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी तालीम होती. रिकाम्या हॉलपुढे छोटू नेहमीचे किस्से म्हणून गेला, ताई गोठ्यातून आवाज लावत होती. शेवटी तो म्हणाला, "आमची ताई हल्ली चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला जाते. दर आठवड्याला. चष्मा एवढा घट्ट झालाय की झोपताना काढायला आई आणि मी, दोघं लागतो." मग आवाज उतरवून, गुपित सांगितल्यासारखं, "खरी गोष्ट सांगू? तो सैल होतच नाही. ताई घरून सैल करून नेते! अहो, दुकानदार दिसायला बरा आहे. जगात लोकांचे स्क्रू आपोआप ढिले होतात. आमच्या ताईला हत्यार लागतं."

आणि त्याने गोठ्याकडे बघितलं.

ताईचे कान तापले. तिने मिक्सरवरचा त्याच्या आवाजाचा फेडर खाली केला, जणू वाक्य अजून वाटेतच आहे आणि अडवता येईल.

"छोटू, हा नको."

"का गं? भारी आहे की."

"बाकी सगळे घे. कुलूप घे, पंखा घे. हा एक सोड. मी कधी काही मागितलंय का तुझ्याकडे?"

"अगं, नाव कुठे घेतोय मी? दुकान कुठलं तेही सांगत नाही."

"ते उद्या येणार आहेत. मीच तिकीट दिलंय."

छोटूचा चेहरा खुलला. "मग तर झालंच! तुझंच काम सोपं करतोय मी. तू जन्मात तोंड उघडणार नाहीस त्यांच्यापुढे. मी बोललो म्हणजे तू मोकळी."

"छोटू."

"बघू."

या "बघू"ला ताई चांगली ओळखून होती. लहानपणी तिची वस्तू परत मागितली की तो हेच म्हणायचा.

संध्याकाळी ती दुकानात गेली. येऊ नका, असं सांगायचं ठरवूनच गेली. पण काउंटरमागे खिळ्याला इस्त्रीचा शर्ट टांगलेला होता आणि दाराला आतून पाटी लावून तयार होती, उद्या दुपारी दुकान बंद राहील. चष्मेवाले म्हणाले, "तुमचं काम बघायला मिळणार. तुम्ही तिथे नक्की काय करता, ते मला कळतच नाही." ताई नुसता स्क्रू घट्ट करून घेऊन परत आली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचाच नियम मोडला. मधल्या रांगेत आईची खुर्ची होती आणि तिच्या शेजारी चष्मेवाल्यांची. त्या दोन खुर्च्यांमधल्या दांड्याखाली तिने एक चपटा माइक चिकटवला, केबल गालिच्याखालून नेली.

"लावलास ना शेवटी!" छोटू खूश झाला.

"लावला," ताई म्हणाली. पण तो काही छोटूसाठी नव्हता. गोठ्यातून तिला माणसांची फक्त डोकी दिसायची, तीही मागून. किस्सा ऐकल्यावर त्या माणसाचं काय होतं, हे तिला कळायला हवं होतं. हसतो, उठून जातो, की नुसता बसतो. आयुष्यभर माइक कानाने निवडले, हा एक तिने जिवाने निवडला.

दुपारचा प्रयोग रंगला. कुलूप रंगलं, पंखा रंगला. ताई वेळच्या वेळी हसत होती, हॉल तिच्यामागून येत होता, मिक्सरवरचे सगळे काटे डोलत होते. किस्से संपत आले तशी तिला आशा वाटू लागली. छोटूने ऐकलं वाटतं. रक्ताचा भाऊ आहे, ऐकेल.

"आमची ताई," छोटू म्हणाला, "हल्ली चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला जाते."

ताईने उजवीकडे बघितलं, खुर्च्या भरलेल्या. डावीकडे बघितलं, भरलेल्या. पायाला केबल. कठड्याचं दार बाहेरून लावायचं असायचं आणि दारवानाने ते लावलं होतं. समोर आईचं पांढरं डोकं आणि त्याशेजारी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर. त्या कॉलरवरचं डोकं आत्तापर्यंत छान हलत होतं. आता ते हललं नाही.

छोटूने शेवटचं वाक्य टाकलं आणि तो थांबला. गोठ्याकडे बघितलं.

ताई हसली नाही.

अर्ध्या श्वासाचा एक श्वास झाला. हॉल वाट बघत होता. छोटूच्या कपाळावर घाम चमकला आणि खालचा ओठ किंचित हलला. चारशे माणसांत तो फक्त एकीला दिसला. तिला शाळा आठवली, मागचं बाक आठवलं. राग तसाच होता, आणि तरीही तिचं हसू बाहेर पडलं, मोठं, मोकळं, नेहमीचं. लगेच हॉल फुटला. बाल्कनीतले पाय आपटायला लागले. छोटूचा चेहरा उजळला आणि ताई हसत हसत स्वतःला शिव्या देत होती.

प्रयोग सुटल्यावर ती आईपाशी गेली. शेजारची खुर्ची रिकामी होती.

"चष्मेवाले कुठे गेले?"

"गेले बाई. दुकान उघडायचंय म्हणाले. सज्जन आहेत हो. शेवटी शेवटी तर किती हसले!"

दुकान दुपारी बंद होतं. पाटी ताईने स्वतः वाचली होती.

स्टेजमागे बिनखिडकीची एक खोली होती, तिथे रेकॉर्डिंगचं मशीन ठेवलेलं. छोटू तिथेच शर्ट बदलत होता, संध्याकाळचा प्रयोग व्हायचा होता आणि त्याचंही रेकॉर्डिंग होतं. ताईने हेडफोन चढवले आणि तो किस्सा काढला. आधी सगळे माइक एकत्र. काम झकास झालं होतं, यात वाद नव्हता. हसू अंगावर येत होतं. मग तिने बाकीचे बंद केले आणि चपटा माइक एकटा ठेवला.

छोटूचा आवाज लांबून. थांबणं. मग तिचं स्वतःचं हसू, मग हॉल. आणि त्या गदारोळाखाली, अगदी कानाशी, चष्मेवाल्यांचा आवाज.

"हे यांच्याबद्दल आहे?"

"मग आणखी कुणाबद्दल! आमची ताईच ती," आई म्हणत होती.

"स्क्रूच्या खाचेवर ओरखडे दिसायचे. मला ठाऊक होतं ते."

"काय म्हणालात?"

"नाही, काही नाही. मला वाटलं होतं, ते आमच्या दोघांतच आहे."

"अहो, हसा की! तीच हसतेय बघा, सगळ्यांच्या आधी. तुम्ही असे तोंड पाडून बसलात तर तिला वाईट वाटेल."

मग चष्मेवाले हसले. सांगितलेलं ऐकणाऱ्या माणसासारखे, बेताने, आणि ताईचं हसू थांबेपर्यंत थांबले नाहीत.

ताईने ते पुन्हा ऐकलं. मग हेडफोनची पिन उपटली आणि तिसऱ्यांदा लावलं, खोलीभर ऐकू जाईल असं. छोटू शर्टाची बटणं लावता लावता थांबला. शेवटपर्यंत त्याने ऐकलं. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही.

मग म्हणाला, "मधलं बोलणं कापता येईल ना?"

"येईल," ताई म्हणाली.

"हसू झकास आलंय म्हणून म्हटलं." त्याने शेवटचं बटण लावलं. "चल, घंटा होईल."

संध्याकाळी ताई पुन्हा गोठ्यात गेली, दारवान पुन्हा ओरडला, खुर्च्या पुन्हा भरल्या. आईच्या शेजारची भरली नाही. ताई कुलपाला हसली, पंख्याला हसली. तोंड हसत होतं आणि ती त्याच्याकडे परक्यासारखी बघत होती. मग चष्मा आला. छोटूने शेवटचं वाक्य टाकलं, थांबला आणि बघितलं.

ताईने ओठ मिटले.

पंख्याची घरघर. कुणाची तरी खुर्ची करकरली. बाल्कनीत कुणीतरी घसा साफ केला. सगळे माइक ती शांतता मन लावून ऐकत होते. इतकी स्वच्छ शांतता ताईने कधी रेकॉर्ड केली नव्हती. छोटूने वाक्य पुन्हा म्हटलं, जरा जोरात. त्याचा ओठ हलला. ताईने दोन्ही हातांनी कठडा धरला, कारण हसू सवयीने गळ्यापर्यंत आलंच होतं. आपल्या खुर्चीतून आईने मान वळवून तिच्याकडे बघितलं, बरं नाही का, असं. ताईने आईच्या डोळ्याला डोळा दिला आणि ती गप्प राहिली.

छोटूने घाईघाईने दुसरा किस्सा घेतला. बाल्कनीत एक मुलगी हसली, आपणहून, पातळसं. तिच्यामागून चार जण हसले. प्रयोग कसाबसा काठाला लागला.

"हसली का नाहीस?" खोलीत आल्या आल्या छोटूने विचारलं. रागापेक्षा तो घाबरलेलाच जास्त होता.

"हसू आलं नाही."

"रोज तरी कुठे येतं तुला?"

हे तो इतक्या सहज बोलला की आपण काय बोललो हे त्याला कळलंही नाही. ताईला कळलं. इतकी वर्षं तिची समजूत होती की छोटूला ते हसू खरं वाटतं. निदान तेवढ्यासाठी तरी ते चालवून घ्यावं. त्याला ठाऊक होतं. त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"असू दे," तो म्हणाला. "दुपारचं आहे ना आपल्याकडे. तेच इथे चिकटव, कुणाला कळतंय! बोलणं तेवढं काप. मी जरा लोकांना भेटून येतो." आणि तो गेला.

म्हणजे आता ताईने हसायचीही गरज नव्हती. तिचं हसू तिनेच इतके माइक निवडून, इतकं निगुतीने पकडून ठेवलं होतं की ते तिच्यावाचून जन्मभर हसू शकत होतं. तिने दुपारचा किस्सा उघडला. कडेच्या माइकात तिचं हसू होतं, बाल्कनीतल्यांत होतं, छतातल्यांत होतं. स्वतःला त्यातून काढता येईना. बाकीचे सगळे तिच्यापासूनच सुरू होत होते. आणि चपट्या माइकात, त्याच हसण्याखाली, ते वाक्य होतं. मला वाटलं होतं, ते आमच्या दोघांतच आहे. तिला उद्देशून कुणी इतकं जवळचं बोललं नव्हतं, आणि हेही ते आईला बोलले होते. हसू पुसायचं तर ते वाक्यही जाणार. वेगळं काढून ठेवता आलं असतं, पेटीत, स्क्रूड्रायव्हरशेजारी. पण मग तीही छोटूच झाली असती, दुसऱ्याचं बोलणं खिशात घालून हिंडणारी.

तिने ते शेवटचं ऐकलं आणि बटण दाबलं. नक्की पुसायचं का, असं मशीनने विचारलं. या घराण्याच्या मानाने मशीन फारच सुसंस्कृत निघालं. नक्की, असं ताईने सांगितलं.

छोटू हात चोळत आत आला. "झालं का गं? कसं बसलं हसू?"

"पुसलं."

"पुसलं म्हणजे?"

"म्हणजे चष्म्याच्या किस्स्याचं दुपारचं सगळं पुसलं. हा किस्सा गेला, छोटू. पुढच्या वेळी रेकॉर्डिंग कर, माइक मीच लावीन, चांगले लावीन. पण गोठ्यातून आता कुणी हसणार नाही. तुझं तू हसव."

छोटू स्टुलावर बसला. मग सात वर्षांच्या मुलाच्या आवाजात म्हणाला, "आणि मी अडलो तर, ताई?"

ताई उठून त्याच्यापाशी गेली, त्याच्या कॉलरची घडी नीट केली. "अडलास तर अड," ती म्हणाली. "चाळिशी उलटली तुझी."

तो बाहेर गेल्यावर तिने केबल गुंडाळल्या, माइक एकेक करून पेटीत ठेवले. मग चष्मा काढून दिव्याखाली धरला. काडीचा स्क्रू सैल होता. सकाळी सवयीने तिनेच तो करून ठेवला होता, आणि खाचेवर खरंच ओरखडे होते. तिने बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्क्रू घट्ट केला, आणखी फिरेना इतका घट्ट. आता उद्या दुकानात जायला काही निमित्त उरलं नव्हतं. तसंच जावं लागणार होतं.